दुसरा गाल कोणाचा?

‘ताई, आपण ख्रिस्ती. आपण सोसायचं ना?’ हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कधी नोकरीतल्या अन्यायाबद्दल, कधी सासरबद्दल, कधी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीबद्दल. विचारणारी माणसं भित्री नसतात. बोललो तर तो विश्वास ठरेल की अहंकार, हे त्यांना खरोखरच कळत नसतं. अशाच एका बहिणीची गोष्ट तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

वय पन्नाशीच्या आसपास. भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत लहानाची मोठी झालेली, आता कल्याणला राहणारी. लोअर परळच्या मोठमोठ्या ऑफिसांना सफाई कामगार पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे अकाउंट्स सांभाळायची. माझ्याकडे आली ती झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन वाजता जाग येते, छातीत जळजळतं, डॉक्टर म्हणतात काही नाही. बोलता बोलता सहज म्हणाली की महिन्याच्या पहिल्या रविवारी ती हल्ली चर्चला जात नाही. पहिल्या रविवारी त्यांच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मी तिथे थांबले. बाकीचे रविवार चालतात आणि नेमका तोच का चालत नाही?

मग हळूहळू बाहेर आलं. कामगारांच्या पगारातून पीएफ कापला जात होता, पण काही जणींची नावं महिनोन्‌महिने चलनाच्या यादीतून गळत होती. यादी तीच बनवायची. कोणती नावं घ्यायची ते वरून सांगितलं जायचं. यातल्या बहुतेक बायका गोवंडी-मानखुर्दहून पहाटेच्या लोकलने येणाऱ्या. त्यातल्या एका विधवेने तिला विचारलं होतं, ‘मॅडम, माझा पीएफ किती जमला? पोरीचं लग्न काढलंय.’ आणि ही म्हणाली, ‘बघते हं.’ तिच्या खात्यात कित्येक महिन्यांचं काहीच जमलेलं नव्हतं, हे हिला त्या क्षणीही माहीत होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘दुसरा गाल पुढे कर, प्रार्थना कर, आणि नोकरी सांभाळ. आपण मूठभर माणसं. उद्या कोणी म्हणेल, धर्माचं काहीतरी चालवलंय.’ तो वाईट माणूस नाही. घराचा हप्ता चालू आहे, मुलगा शिकतोय. अल्पसंख्य घरातली ही भीती खरी असते, तिला मी कधी कमी लेखत नाही.

मी तिला एवढंच विचारलं, ‘तुम्ही गप्प राहिलात तर किंमत कोण मोजतं?’ ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या बायका.’

माझं या विषयातलं मत याच प्रश्नाभोवती उभं आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात गाल पुढे करायला सांगितलंय ते मार खाणाऱ्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या गालाबद्दल. माझा अपमान मी गिळू शकते, तो माझा अधिकार आहे. पण त्या विधवेचा गाल मी पुढे करू शकत नाही. तो माझा नाही. सहनशीलतेच्या नावाखाली आपण पुष्कळदा दुसऱ्याच्या वाट्याचं सोसणं परस्पर मंजूर करून टाकतो.

येशू हेरोद राजापुढे गप्प राहिला, हे सगळ्यांना आठवतं. पण महायाजकापुढे शिपायाने तोंडात मारली तेव्हा त्याने विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने उलट हात उगारला नाही, पण प्रश्न विचारला. फिलिप्पै नगरात प्रेषित पौलाला चौकशीविना फटके मारले, तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जा म्हणाले, तेव्हा त्याने निघायला नकार दिला. ज्यांनी हे केलं त्यांनीच येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं तो म्हणाला. मला वाटतं, त्यात त्याला मागे राहणाऱ्या त्या लहानशा मंडळीची काळजी होती. आणि आपल्या मातीतलं सांगायचं तर पंडिता रमाबाई. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सरकारी व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. राज्यकर्ते त्यांच्याच ख्रिस्ती धर्माचे होते, तरी लिहिलं. आपल्या आठवणीतलं उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. वसईची हिरवाई वाचवायला ते उभे राहिले, तेव्हा ती झाडं आणि विहिरी फक्त ख्रिस्ती वाड्यांतल्या नव्हत्या.

ती म्हणाली, ‘म्हणजे मी उद्याच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगू?’ मी म्हटलं, नाही. आधी एक गोष्ट थांबवा: त्या खोट्या यादीवरची स्वतःची सही. दुसऱ्याविषयी बोलण्याआधी आपला हात त्यातून काढावा लागतो, नाहीतर आवाज कापतो.

पुढची पावलं आम्ही सावकाश ठरवली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम आहे: आधी एकट्याने जाऊन सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. (हा क्रम मी प्रत्येक ठिकाणी लावत नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘आधी एकटीने जाऊन नवऱ्याशी बोल’ असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हाती देणं. असे सल्ले मंडळ्यांमधून आजही दिले जातात आणि मला त्याचा संताप येतो.) इथे तिला तसा धोका नव्हता, म्हणून ती आधी साहेबांशीच बोलली. त्यांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटल्यावर तिने तेच लेखी दिलं, साध्या चार ओळींत: अमुक नावांचा पीएफ कापला आहे, भरलेला नाही, यापुढे अपुऱ्या यादीवर मी सही करणार नाही. तिला अर्जात बायबलमधलं एक वचन घालायचं होतं. मी नको म्हटलं. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते, कापून न भरणं हा गुन्हा आहे, आणि ज्या कंपनीत काम चालतं तिच्यावरही कंत्राटी कामगारांच्या पीएफची जबाबदारी येते. त्या कागदावर एवढं पुरेसं होतं. विश्वास सही करणाऱ्या हातात होता.

दुसरं काम तिने केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कामगार बायकांना तिने त्यांचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, काय असतो आणि मोबाइलवर स्वतःचं पासबुक कसं बघायचं ते जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. ऑफिसचा एकही कागद बाहेर नेला नाही. माहिती त्यांचीच होती. पुढे त्या स्वतः एका युनियनवाल्याला घेऊन वांद्र्याच्या भविष्य निधी भवनात, म्हणजे पीएफ कार्यालयात, तक्रार द्यायला गेल्या. मुक्यांसाठी तोंड उघड असं बायबलच्या नीतिसूत्रांत आहे, पण या बायका मुक्या नव्हत्या. त्यांच्यापासून हिशेब लपवला होता.

उलट उदाहरणही सांगते. एक तरुण मंडळीच्या खजिनदाराचा ‘भांडाफोड’ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ठरवून आला होता. कागद नव्हते, हिशेब मागितला नव्हता, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच खजिनदाराने त्याला कमिटीतून वगळलं होतं. त्याला मी थांबवलं. आधी लेखी हिशेब माग, म्हटलं. तो नाराज होऊन गेला.

त्या बहिणीच्या कंत्राटदाराने काही महिन्यांची थकबाकी भरली, सगळी नाही. काम सोडून गेलेल्या तिघीचौघींचा पत्ताच लागला नाही. हिला दुसऱ्या विभागात टाकलं, पगारवाढ थांबवली, आणि शेवटी तिने कमी पगाराची दुसरी नोकरी धरली. नवरा काही दिवस धुसफुसला, मग हप्त्यांची मुदत वाढवून घ्यायला बँकेत तोच गेला. झोप सुधारली आहे, जळजळ अधूनमधून आहे. पहिल्या रविवारी ती चर्चला जाते.

ती अजून येते, पण प्रश्न बदलला आहे. साहेबांचा राग जात नाही, म्हणते. त्यांना क्षमा करायची तर तक्रार मागे घ्यायला सांगावी लागेल का, असं मागच्या भेटीत तिने विचारलं. मी म्हटलं, राग तुमचा आहे, तो सोडायचा तेव्हा सोडा, घाई नाही. पैसे त्या बायकांचे आहेत आणि तक्रारही त्यांचीच आहे. ती मागे घ्यायला सांगणाऱ्या तुम्ही कोण? तिने मान हलवली आणि पुढच्या सुनावणीला त्यांच्यासोबत जायला रजा मिळेल का, त्याचा विचार करू लागली.