येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (बोधकथेत) तासभर राबलेल्यालाही सकाळपासून राबलेल्यांइतकीच पूर्ण मजुरी मिळते. हा इतरांवर अन्याय नाही का?

नाही, कारण सकाळी आलेल्यांचं काहीच कापलेलं नाही. ठरलेला एक दिनार, म्हणजे तेव्हाची दिवसाची मजुरी, त्यांना मिळालीच. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातला संध्याकाळी पाचच्या सुमाराचा संवाद नीट वाचा. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? उत्तर येतं, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. म्हणजे माणसं आळशी नव्हती, आणि चूल त्यांच्याही घरी होतीच. जरा आधी (१९:२७) येशूचा शिष्य पेत्र याने विचारलेलं असतं, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? दाखल्याचा रोख या हिशेबीपणावर आहे. जुन्या विश्वासणाऱ्यांना तो बोचतो तो म्हणूनच. मात्र यावरून मजुरीचे दर ठरवू नका. कामगारांची मजुरी अडवणाऱ्यांना बायबलमधलं याकोबाचं पत्र (५:४) चांगलंच खडसावतं.