जुन्या टाइल्सवर व्हिनाइल टाकण्याआधी

टाइल्स न फोडता वरून व्हिनाइल (प्लास्टिकचं फ्लोअरिंग) टाकायचं ठरवलंत, ते योग्यच. पण घाई करू नका, खरं काम व्हिनाइलच्या खालीच आहे.

आधी एक नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर टकटक करत सगळी खोली फिरा. पोकळ आवाज आला किंवा टाइल हलली, तर ती काढून जागा सिमेंटने सपाट भरून घ्या. मग सांध्यांकडे बघा. गोंदाने चिकटवायचं पातळ व्हिनाइल (२-३ मिमी) असेल तर सांध्यांच्या रेघा हळूहळू वर उमटतात आणि तिरप्या उजेडात चौकडी स्पष्ट दिसते. पहिल्या खोलीत मी सांधे न भरताच चिकटवलं होतं; शेवटी सगळं उचकटावं लागलं. म्हणून सांधे लेव्हलिंग कंपाउंडने (जमीन सपाट करायच्या मिश्रणाने) भराच. गुळगुळीत टाइलवर ते नीट धरत नाही. आधी तेलकटपणा धुऊन काढा, पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवा, मग प्रायमर (कंपाउंड नीट धरावं म्हणून आधी द्यायचा थर) लावा.

क्लिकचं (गोंदाशिवाय पट्ट्या एकमेकींत अडकवायचं) जाड व्हिनाइल अरुंद सांधे चालवून घेतं. नवख्या माणसाने तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त भिंतीलगत चारी बाजूंनी ६ ते ८ मिमी फट सोडा. उष्णतेने ते पसरतं, जागा नसली की मध्येच फुगतं. फट स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली) झाकली जाते.

एक तुकडा टाइलवर ठेवून दार उघडून बघा. घासलं तर दार खालून तासावं लागेल. आणि जमिनीतून ओल येत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. व्हिनाइलखाली ती कोंडून राहते.