वाचकांचे प्रश्न : गाडीरस्त्यासाठी खोदाई किती खोल करावी?

प्रश्न : फाटकापासून घरापर्यंत सुमारे 12 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद गाडीरस्ता करून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आमचा विचार आहे. जागेत वर बागेची भुसभुशीत माती असून तिच्याखाली चिकण काळी माती आहे. वरची 10 सेंटिमीटर माती खरवडून खडी पसरली की पुरे, दबाई पुढे गाडीच्या ये-जा करण्याने आपोआप होईल, असे कंत्राटदार म्हणतात. हे मान्य करावे का?

उत्तर : मान्य करू नये. गाडीची चाके रोज जवळजवळ त्याच दोन पट्ट्यांवरून जातात, त्यामुळे तेवढ्याच पट्ट्या खचतात, त्यांत पाणी साचते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात. ब्लॉक कितीही भारी निवडले तरी हा दोष झाकला जात नाही.

खोली वरून खाली मोजत ठरवावी. 6 सेंटिमीटरचा ब्लॉक, त्याखाली 3 सेंटिमीटर वाळू आणि दबाईनंतर 20 सेंटिमीटर भरेल इतकी खडी धरली, तर तयार पातळीपासून 29 सेंटिमीटर खाली जावे लागेल. मुळे आणि कुजलेला पाला असलेली माती त्याहूनही खोल गेली असेल, तर ती संपेपर्यंत खोदावे; कारण सेंद्रिय अंश कुजत राहतो आणि वरचा थर हळूहळू खाली बसतो. कडा ढासळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटर जास्त खोदले, तर साधारण साडेअकरा घनमीटर माती निघेल. खोदलेली माती फुगते, म्हणून वाहतुकीचा हिशेब 14 घनमीटरांच्या पुढे धरलेला बरा. खोदाईआधी जमिनीतील नळ, केबल आणि सांडपाण्याच्या वाहिन्या कुठून जातात याची खात्री करून घ्यावी, आणि पुढे लागतील अशा रिकाम्या पाइपा याच वेळी टाकाव्यात.

खरा प्रश्न चिकणमातीचा आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि पाणी फारच सावकाश खाली सोडते. खोदलेला तळ सपाट ठेवून केवळ वरच्या फरशीला उतार दिला, तर सांध्यांतून झिरपलेले पाणी खडीखाली तुंबते आणि ओली माती चाकांच्या भाराखाली खडीत वर चढते. म्हणून तळालाच उतार द्यावा. दर मीटरला 2 सेंटिमीटर उतार ठेवल्यास 12 मीटरांत 24 सेंटिमीटर पडतात, आणि हा उतार घराकडे नव्हे, तर घरापासून दूर जाणारा असावा. फाटकाची बाजू घरापेक्षा उंच असेल तर घरासमोर रस्त्याला आडवी, जाळी लावलेली नाली करून तिचे पाणी बाजूला काढावे लागेल. खोदाईच्या आधीच हे ठरवले नाही, तर पुढे केलेले काम फोडावे लागते. तळ आणि खडी यांमध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरल्यास माती वर चढत नाही. चिकणमातीवर हा खर्च मी टाळणार नाही.

तळ रोलरने दाबून घ्यावा. मूठभर माती आवळल्यावर गोळा होईल, पण हाताला पाणी लागणार नाही, इतपत ओल दबाईला योग्य असते; चिखलात रोलर फिरवणे व्यर्थ असून पाऊस लागून राहिला असेल तर काम थांबवावे. दबाईनंतर माल भरलेली गाडी सावकाश फिरवून पाहावी. जिथे जमीन लवलवते, तिथली माती उकरून काढून खडी भरावी आणि पुन्हा दाबावी. खडी एकदम न ओतता सुमारे 10 सेंटिमीटरच्या थरांनी घालावी, कारण लहान प्लेट कॉम्पॅक्टरचा (सपाट पाट्याने ठोकून दाबणाऱ्या यंत्राचा) दाब त्याहून फार खोल पोहोचत नाही. खडी एकाच मापाची नसावी, बारीक कचही तिच्यात असावी, म्हणजे पोकळ्या भरून थर घट्ट बसतो. वाळूने खड्डे भरून पातळी साधण्याचा मोह टाळावा, खडीचा माथाच समतल उतारात यायला हवा.

कंत्राटदाराकडून खोदाईची खोली, थरांची जाडी आणि प्रत्येक थराची दबाई या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात, आणि खडी पडण्याआधी तळ स्वतः दोरी लावून मोजावा.