बंद नाट्यगृहाचे दिवे लावण्याआधी

प्रश्न : आमच्या मंडळाचं छोटं नाट्यगृह कोरोनात बंद पडलं, ते आजवर बंदच आहे. गणेशोत्सवात प्रयोग लावायचाय. झाडलोट करून थेट दिवे लावून पाहिले तर चालेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अजिबात नको. मेन बंद ठेवून आधी स्टेजखालच्या आणि दिव्यांच्या बारवरच्या वायरी टॉर्चने पाहा. उंदरांनी कुरतडलेलं बहुधा तिथेच सापडतं. मग परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणातून वीज गळते का, ते मोजणारं यंत्र) एकेक सर्किट तपासून घ्या. त्याआधी डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र, सोडवायला सांगा, नाहीतर तपासणीतच तो जायचा. रीडिंग १ मेगओहमच्या खाली आलं, तर ओल शिरलीय किंवा वायरीचं आवरण गेलंय. ते सर्किट जोडू नका. गणेशोत्सव म्हणजे पावसाळा, तेव्हा प्रयोगाच्या आठवड्यात मेगर पुन्हा लावा.

हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचं तेल लागलं की तेवढीच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. पडद्याच्या सुती दोराचा पीळ उलगडून आत बघा. भुकटी पडली तर दोर बदला, वरून कितीही धड दिसो. अग्निशामकाचा काटा हिरव्यात असला तरी आतल्या पावडरीचे गोळे झालेले असू शकतात. तारीख उलटली असेल तर सरळ भरून आणा.