'जुने'मध्ये टाकलेली प्रकरणं गेली कुठे?

प्रश्न : लिनक्सच्या टर्मिनलवर मी पुस्तकाच्या तीन प्रकरणांच्या फायली 'एमव्ही' (mv) या कमांडने एकेक करून 'जुने' या फोल्डरमध्ये हलवल्या. एकदाही एरर आली नाही. आता बघते तर 'जुने' हे फोल्डरच नाही, त्या नावाची एक फाइल आहे आणि तिच्यात फक्त तिसरं प्रकरण! पहिली दोन कुठे शोधू?

उत्तर : सांगताना वाईट वाटतं, पण ती पुसली गेली आहेत. 'जुने' हे फोल्डर 'एमकेडीआयआर' (mkdir) या फोल्डर बनवणाऱ्या कमांडने आधी बनवायचं राहिलं असणार. एमव्ही हलवते आणि नावही बदलते. शेवटी दिलेल्या नावाचं फोल्डर असेल तर फाइल त्यात जाते, नसेल तर तेच फाइलचं नवं नाव होतं. म्हणून पहिलं प्रकरण 'जुने' झालं, दुसरं त्याच्या जागी बसलं, तिसरं दुसऱ्याच्या. तिन्ही फायली एकाच कमांडमध्ये दिल्या असत्या, तर तिने नकार दिला असता.

मूळ डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, 'एलएस -ए' (ls -a) चालवून बघा; ती लपलेल्या फायलींसकट सगळी यादी दाखवते. एडिटरने ठेवलेली जुनी प्रत लपलेली असू शकते. नाहीतर बॅकअपच.

यापुढे फोल्डरच्या नावानंतर स्लॅश द्याच : 'एमव्ही प्रकरण१ जुने/'. फोल्डर नसलं तर एरर येते आणि फाइल जागेवर राहते. शिवाय 'एमव्ही -आय' लिहिलंत, तर त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास कमांड विचारून मगच पुढे जाते. फाइलची प्रत काढणाऱ्या 'सीपी'लाही (cp) हेच लागू.

सीपी, एमव्ही आणि फायली पुसणारी आरएम (rm) या कमांड लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून आहेत. त्यांतली आरएम मला सगळ्यात महाग पडली. '.बॅक'ने संपणाऱ्या फायली पुसायला 'आरएम *.बॅक' लिहायचं होतं, पण ताऱ्यानंतर एक स्पेस पडली. शेलने, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, नुसत्या ताऱ्याच्या जागी डिरेक्टरीतल्या सगळ्या फायलींची नावं भरली. स्क्रीनवर एवढंच उमटलं, की '.बॅक' नावाची फाइल सापडली नाही. सात महिन्यांच्या नोंदी तेवढ्यात गेल्या होत्या. आरएम काहीही कचरापेटीत टाकत नाही.

तेव्हापासून तारा असलेली आरएम मी थेट लिहीत नाही. आधी 'एलएस *.बॅक' चालवते, यादी वाचते, मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणते आणि फक्त 'एलएस'च्या जागी 'आरएम' करते.