आधी बाबांना विचार

प्रिय मुली,

बाबांना व्हेंटिलेटरवर ठेवावे की नाही, याबद्दलचे तुझे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात काका आहेत, आत्या आहे, शेजारच्या वहिनी आहेत, 'व्हेंटिलेटरला नको म्हणणारी मुलगी उलट्या काळजाची' असे तुला ऐकवणारे कोणी लांबचे मामा आहेत. बाबा मात्र आजाराच्या वर्णनापुरतेच आहेत. त्यांची फुप्फुसे किती निकामी झाली, हे तू टक्क्यांत लिहिलेस. त्यांना स्वतःला काय हवे आहे, ते एका ओळीतही नाही. ते शुद्धीवर आहेत, दोन घास खातात, सकाळच्या बातम्या ऐकतात. मग त्यांना अजून कोणीच कसे विचारले नाही?

हे रागाने लिहितो आहे, कारण हाच प्रश्न मी गेली पंचवीस वर्षे स्वतःला विचारतो आहे. माझ्या वडिलांना मी विचारले नाही. घशातली नळी त्यांनी उपसू नये म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले होते. अंग पुसताना परिचारिकेने उजवा हात सोडला, तेव्हा त्यांनी माझा तळहात जवळ ओढला आणि त्यावर बोटाने सावकाश 'घ' गिरवला, मग 'र'. मला ते वाचता आले. जन्मभर मुलांना अक्षरे शिकवणाऱ्याला ते कळले नाही, असे कसे होईल? पण बाहेर बाकावर तिन्ही काका बसले होते, आणि 'पैशाकडे पाहून बापाला घरी नेले' हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची माझी तयारी नव्हती. 'बरे वाटेल, अण्णा,' असे म्हणून मी हात काढून घेतला. त्यानंतर ते अकरा दिवस जगले, बांधलेल्या हातांनी. काकांनी मला श्रावणबाळ म्हटले.

म्हणून सांगतो, आधी बाबांना विचार. 'श्वास फारच लागला तर यंत्रावर ठेवायचे, की घरीच राहायचे?' एवढेच विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. ते 'सगळे उपाय करा' म्हणाले, तर सगळे उपाय कर. तेव्हा मीही मध्ये येणार नाही.

कायद्याची भीती तुला कोणी घातली? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची वाट सोपी केली. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने लिव्हिंग विलवर, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि तो नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. पूर्वीप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावे लागत नाही. पुढे उपचार थांबवण्याची वेळ आलीच, तर डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक तपासतात; ते ओझे तुझ्या एकटीवर नाही. यंत्र नाकारणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे, हेही आत्याला सांग. धाप आणि वेदना कमी करायला मॉर्फीन आहे, पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे, डॉक्टर आहेत.

आईला मात्र मी विचारले. 'घरी ने, इथे रात्रभर दिवे जळतात,' म्हणाली. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. तेराव्याला मामेभाऊ सर्वांदेखत म्हणाला, 'घरी आणून मारली.' तो अजून माझ्या दारात आलेला नाही. रुग्णालयात ती आणखी महिनाभर जगली असती का, हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही सांगता आले नव्हते. पण तिने मागितले ते मी दिले, आणि त्यात मी चुकलो हे मला कोणी पटवू शकणार नाही. सर स्वतःचीच बाजू मांडत आहेत, असे तुला वाटेल. मांडतोच आहे, कारण उद्या तुलाही ती मांडावी लागणार आहे, आणि त्या वेळी बाबांचा शब्द तुझ्यापाशी असला पाहिजे.

आज रात्री जेवणानंतर विचार. काकांना नंतर सांग. बाबांना कागद करायचा असेल, तर एक साक्षीदार मी होईन. वार कळव, आधारकार्ड घेऊन सकाळच्या एसटीने येतो.

तुझे सर