कानाची चाचणी नॉर्मल आली, तरी गोंगाटात बोलणं का कळत नाही?

लग्नात, बाजारात समोरच्याचं बोलणं कळत नाही, आणि घरचे म्हणतात तुमचं लक्षच नसतं, असं तुम्ही लिहिलंय. ते लक्षाचं वाचलं आणि राहवलं नाही.

फोंड्याकडे आमच्या गावात जत्रेला नाटक असतं. वीसेक वर्षांपूर्वी मी किल्लेदार होतो, दिग्दर्शक माझे भावोजी. रंगमंचामागे जनरेटर धडधडतोय, पलीकडे खाजेवाल्यांचा आरडाओरडा. तिसऱ्या अंकात मी अडलो. अडलो हे खरं. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "दार उघडा." मला ऐकू आलं, "हार उचला." मी तलवार उपसून गरजलो, "हार उचला!" पहारेकरी झालेला पोरगा क्षणभर गोंधळला, मग इमानाने पुढे जाऊन नटराजाच्या तसबिरीवरचा हार काढून त्याने माझ्या हातात दिला. अजून मासळीबाजारात गेलो की कुणीतरी विचारतंच, "कितें, हार उचललो?" भावोजींचा निकाल तेव्हापासून कायम: पाठांतर नव्हतं.

पाठांतराचा काय संबंध? दार-हार, उघडा-उचला. स्वर सगळे जागच्या जागी आहेत, हुकली ती व्यंजनं. स्वरांना जोर असतो. स, त, क, फ यांचा आवाज मुळातच क्षीण, गोंगाटात आधी तेच बुडतात आणि गाळलेली जागा मेंदू अंदाजाने भरतो. नंतर पणजीत मीही चाचणी केली. नॉर्मल! येणारच. शांत खोलीत हेडफोन लावून एकेक 'टूं' ऐकवतात. जत्रेत टूं ऐकायला कोण जातो? गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी वेगळी असते, ती मागून घ्या.

२००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण आतल्या कानातल्या पेशी आणि नस यांचे जोड तुटलेलेच राहतात. म्हणजे चाचणी चांगली, कान बिघडलेला. मी लहानपणापासून चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरतीत शामेळ हे दणदणीत चर्मवाद्य वाजवतोय, हिशेब तुम्हीच करा. माणसांत हे कितपत घडतं यावर अजून वाद आहे, पण ते मी भावोजींना सांगत नाही.

उपाय म्हणाल तर भिंतीकडे पाठ करून बसा, बोलणाऱ्याचे ओठ दिसू द्या, आणि न कळलेलं वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायला लावा. नुसतं "काय?" म्हटलं की लोक तेच ओरडून सांगतात. हां, एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरच्यांना पटवायचं असेल तर चालू मिक्सरशेजारी उभं करून लांबून हळू एक वाक्य सांगा. यंदा भावोजींना मी म्हटलं, "नारळ सोला." त्यांनी ऐकलं "सावध बोला" आणि माझ्यावर डाफरले. नंतर समजावलं तर म्हणतात, तुमचा मिक्सरच जुना आहे.